दाजींचे गडी

आमच्या दाजींच्या गावात एसी असलेलं घर एकच होतं, आणि त्या एसीत दाजी स्वतः कधी झोपले नाहीत. मे महिन्यात भिंतीला पाठ टेकवली तरी चटका बसायचा, तेव्हाही ते अंगणात बाजेवर उताणे पडलेले असत, छातीवर ओला टॉवेल टाकून. आत बैठकीत मात्र गारवा, ओढून घेतलेले पडदे आणि काचेच्या कपाटात ओळीनं उभे असलेले फूट-फूटभर उंचीचे, रबरी पोशाखातले योद्धे. नवा पाहुणा हमखास विचारायचा, "नाना, आत येवढं गार हाय, तुमी बाहेर कावून?"

"ते माझ्यासाठी न्हाई," दाजी डोळे न उघडता म्हणायचे, "गड्यांसाठी हाय."

दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. गाव त्यांना नाना म्हणायचं. उमापूरच्या पुढं त्यांचं गाव, ऊस-कापसाची बरी जमीन, आणि वाद मिटवायला माणसं दारात. सहा फूट उंची, कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, आणि बोलणं असं की साधं "या" म्हटलं तरी शेजारच्या गोठ्यातलं वासरू कान टवकारायचं. आम्ही धर्मापुरीची माणसं हळू बोलणारी. लग्न ठरलं तेव्हा आईला काळजी पडली होती की आपली पोर या आवाजाखाली दबून जाईल. पण हाच माणूस ते कपाट उघडायचा तेव्हा बिजागरीचाही आवाज यायचा नाही. खेळणी, बाहुल्या असं कुणी म्हटलेलं त्यांना खपत नसे. "बाहुल्या न्हाईत त्या. गडी हायत."

याची सुरुवात झाली जपानमध्ये. शेतकऱ्यांचा एक अभ्यासदौरा तिकडं गेला होता, त्यात दाजी होते. बाकीच्यांनी येताना छाटणीच्या कात्र्या आणल्या, घड्याळं आणली. दाजींनी एक खोकं आणलं, तेही विमानात अख्ख्या प्रवासात मांडीवर धरून. एका दुकानाच्या काचेत तो योद्धा त्यांना दिसला होता. अंगाबरोबर बसलेला लाल-काळा रबरी पोशाख, चंदेरी शिरस्त्राण, दोन्ही हात खाली सोडलेले. "बसवाला हॉर्न वाजवून बेजार झाला, पर माझा पायच निघंना," ते सांगायचे. एवढं काय आवडलं, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "त्याचं उभं राहणं आवडलं, पाव्हणं. कुणाच्या अंगावर जायाचा न्हाई, पर अंगावर आलेल्याला सोडायचा बी न्हाई."

घरी आणल्यावर मात्र त्यांनी त्याला लढायलाच लावलं. मुठी छातीशी, गुडघे वाकलेले, एक पाय पुढं. पश्चिमेच्या खिडकीजवळच्या फडताळात वर्तमानपत्र अंथरून त्यावर त्याला उभं केलं. तो उन्हाळा त्या बिचाऱ्याला सोसला नाही. आधी पोशाख चिकट झाला. मग कोपराच्या आत, जिथं घडी पडली होती तिथं, पांढरट रेघ उमटली आणि तिची भेग झाली. बूट कागदाला असे चिकटले की सोडवल्यावर तळव्यावर अर्धी बातमी उलटी वाचता येत होती. अक्कानं ते पाहिलं आणि आपण टाचेच्या भेगेला जे करतो तेच केलं, खोबरेल तेल चोळलं. आठवड्याभरात रबर फुगलं, सैल पडलं आणि बोट लावलं तर सालीसारखं सुटून यायला लागलं.

अक्कानं मला घाबरून फोन केला होता. दाजींचा आवाज तिच्या चांगला परिचयाचा. पण दाजींनी तो आवाज काढलाच नाही. त्या दिवशी ते जेवले नाहीत, एवढंच. दुसऱ्या दिवशी तिला म्हणाले, "मायेनं लावलंस तू. तुला ठाऊक नव्हतं, मला बी ठाऊक नव्हतं. आता ठाऊक करून घ्यावं लागंल." तो फाटलेला गडी त्यांनी टाकला नाही. खालच्या फळीवर, सगळ्यांना दिसेल असा ठेवला. कुणी हसलं तर म्हणायचे, "ह्याच्यामुळं बाकीचे धड हायत."

मग मला पुण्याला फोन. "पाव्हणं, तुमचं इंटरनेट काय म्हणतंय बघा. रबर कावून फाटतंय?" देशोदेशीच्या शौकिनांनी यावर रकानेच्या रकाने लिहिलेलं निघालं. मी ते मराठीत वाचून दाखवायचो आणि दाजी पलीकडून "पुन्हा सांगा" म्हणायचे. त्या फोननंतर बैठकीत एसी आला, काचेचं कपाट आलं आणि ते खिडकीपासून लांब, उत्तरेच्या भिंतीला लागलं. पुढं आलेल्या सगळ्या गड्यांचे हात-पाय सरळ ठेवले गेले, कारण वाकलेल्या सांध्यावर रबर ताणलेलं राहतं आणि तिथंच फाटतं. वर्तमानपत्र गेलं, त्या जागी दाजींच्या वडिलांच्या जुन्या पांढऱ्या धोतराचे मऊ तुकडे आले. रंगीत कापड चालणार नाही, त्याचा रंग रबरात उतरतो. रोज सकाळी आंघोळ झाली की दाजी हात कोरडे करून कपाटाची दारं थोडा वेळ उघडी ठेवायचे, कारण बंद कपाटात रबर आपल्याच वासानं खराब होतं. मग दाढीच्या नव्या, मऊ ब्रशनं एकेकावरची धूळ झटकायचे. गड्यांची संख्या वाढत गेली. गावापर्यंत कुरिअर नीट पोचत नसे म्हणून खोकी माझ्या पत्त्यावर यायची आणि मी सुट्टीला जाताना ती घेऊन जायचो. अक्का दारात उभी राहून म्हणायची, "आणलास का ह्यांचा आणखी पसारा?"

एकदा तालुक्याचे एक पुढारी आले. भाषणाची सवय असलेला माणूस. दाजींनी हौसेनं त्यांना सगळं समजावून सांगितलं. ते ऐकून पुढारी भारावले. "वा नाना! माणसाचंही असंच आहे बघा. सतत मूठ आवळून जगणारा माणूस एक दिवस फाटतोच!" सोबतच्या कार्यकर्त्यांनी माना डोलावल्या. दाजी मात्र गंभीर झाले.

"साहेब, माणसाचं माणसापाशी. हे रबर हाय," ते म्हणाले. "आन् हात काढा त्याच्यावरचा. घाम लागतोय."

गड्यांना लढायची मुभा वर्षातून एकच दिवस. दसऱ्याला सकाळी दाजी त्यांना पवित्र्यात उभं करायचे. कुणाची मूठ वर, कुणाचा पाय पुढं, दोघे एकमेकांवर धावून जाणारे. सोनं द्यायला आलेलं गाव आधी कपाटापुढं गर्दी करायचं. सूर्य कलला की लोकांना निरोप देत देत दाजी एकेकाचा हात सावकाश सरळ करायला लागत. रबराला घाई चालत नाही, म्हणायचे.

पुढं ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. सरपंचपद महिलेसाठी राखीव निघालं आणि दाजींच्या पॅनलनं अक्काचं नाव पुढं केलं. समोरच्यांना बोलायला अक्कात काही सापडेना, तेव्हा त्यांनी कपाट धरलं. रिक्षावरचा भोंगा गल्लीगल्लीतून ओरडायला लागला, "बाहुल्या खेळणाऱ्या घराच्या हातात गाव देणार का?" पोरं रिक्षामागं पळत हसायची. मी रजा काढून गेलो तेव्हा बैठकीत पॅनलची माणसं जमली होती. दाजींचा जुना मित्र रामकिसन हातात पोतंच घेऊन आला होता.

"नाना, इलेक्शन होईस्तोर पत्र्याच्या खोलीत टाकू सगळं. लोकं नावं ठिवायलीत."

मला वाटलं, आता छप्पर उडतंय. दाजींनी कपाटाकडं पाहिलं. माझी निवडणूक असती तर गेला असतास खड्ड्यात, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं. पण निवडणूक त्यांची नव्हती. ते उठले, त्यांनी स्वतः दार उघडलं आणि पहिला गडी रामकिसनच्या हातात दिला.

"घे बे. हिच्या आड येत असतील तर न्हाई ठिवायचे हितं."

रामकिसननं तो पोत्यात बसावा म्हणून त्याचे हात मागं मुडपले. तेवढ्यात अक्का चहा घेऊन आली. तिनं ट्रे तसाच खाली ठेवला.

"भावजी, कोपर सोडा त्याचं."

त्या बैठकीत अक्का चहापलीकडं कधी बोललेली मला आठवत नाही.

"वयनी, ह्यातलं तुमाला बी कळतंय व्हय?"

"हे तालुक्याला जात्यात, शेतात जात्यात. लाइट गेली का पडदे कोण ओढतंय? दारं कोण उघडतंय सकाळची?" अक्कानं गडी त्याच्या हातातून घेतला, त्याचे हात हळूहळू खाली आणले आणि धोतराच्या तुकड्यावर त्याला परत उभं केलं. "पत्र्याखाली दोन दिसात लापशी व्हईल ह्यांची. ते पोतं उचला."

"पर मतं?"

"मतं मी मागणार हाय. हे न्हाई मागायचे."

दाजींनी ट्रेमधला एक कप उचलला आणि पहिल्यांदा अक्कापुढं धरला.

दुसऱ्या दिवशी प्रचाराला अक्कासोबत मीही होतो. एका ओट्यावर बसलेल्या बाया तिला बघून तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. अक्का थांबली. "बघायच्यात का? चला घरी." त्या खरंच आल्या. पुरुषांच्या बैठकीत जन्मात पाय न ठेवलेल्या बाया चपला काढून आत आल्या, एसीच्या गारव्यात मांडी घालून बसल्या, आणि अक्कानं त्यांना एकेक गडी दाखवला, खालच्या फळीवरच्या फाटक्यापासून. एका म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "रबराला येवढं जपतोय, तर बायकुला बी जपत असंल." नंतर आठवडाभर दुपारच्या वेळी बैठक बायांनी भरलेली असायची, आणि दाजी बाहेर अंगणात उन्हाची तिरीप चुकवत बाज सरकवत बसायचे.

अक्का थोडक्या मतांनी निवडून आली. गुलालात माखलेले दाजी भेटेल त्याला सांगत होते, "गड्यांनी न्हाई, बायांनी निवडून दिलं."

खरी गंमत पुढं झाली. बाई सरपंच आणि कारभार नवऱ्याचा, ही आपल्याकडची रीत. पंचायतीत लोकांनी सरपंचाच्या खुर्चीशेजारी आणखी एक खुर्ची मांडली होती. दाजी पहिल्या दिवशी अक्काला सोडायला गेले, त्या खुर्चीकडं बघितलं आणि म्हणाले, "ही कुणाला? मला घरी लई काम हाय." आणि आले परत. त्यांना गाठायला कुणी सरळ घरी आलंच तर ते ब्रशनं धूळ झटकता झटकता सांगायचे, "सरपंच तितं हाय. तितं जावा." पहिल्या सभेत अक्का सांगतील तिथं नुसती सही करून आली होती. वर्षभरात ती अधिकाऱ्याला उभ्यानं थांबवून प्रश्न विचारायला लागली. शाळेच्या रस्त्यावर मुरूम पडला, टाकीचं पाणी वरच्या आळीपर्यंत चढलं. दाजींना त्याचा अभिमान होता, पण तो ते तिच्यासमोर बोलून दाखवत नसत. मला फोनवर म्हणायचे, "तुमची बहीण लई आवाज करायली आता."

दाजी गेले ते थंडीत. कापसाची वेचणी चालू होती. बांधावरच छातीत कळ आली, आणि बीडला पोचायच्या आत सगळं आटोपलं. मी पोचलो तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं आणि तरी घर विलक्षण गप्प वाटत होतं. इतक्या मोठ्या आवाजाचा माणूस जातो तेव्हा काय उणं झालं हे कानाला आधी कळतं. दिवस झाल्यावर नातेवाइकांत कपाटाचा विषय निघाला. कुणी म्हणालं, पोराबाळांना वाटून टाका. कुणी म्हणालं, जागा अडकली आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून अक्का बैठकीत आली, पदराला हात कोरडे केले आणि कपाटाची दारं उघडली. विषय तिथंच मिटला.

ऊन तापायला लागलं तेव्हा तिचा फोन आला.

"बापू, एक गडी मागवायचा हाय."

"कुठला?"

"ह्या गड्यांत बाई नसती व्हय रे?"

"असते की."

"मग ह्यांनी कावून न्हाई आणली एकबी?"

"सुचलं नसेल, अक्का."

"सुचलं नसंल," ती म्हणाली, आणि दाजी गेल्यापासून मी तिला पहिल्यांदा हसताना ऐकलं.

ते खोकं घेऊन मी गेलो तेव्हा बैठकीत दोन माणसं गटाराची तक्रार घेऊन बसली होती. अक्कानं त्यांना थांबायला सांगितलं. खोक्यातून ती निघाली. निळसर हिरवा रबरी पोशाख, घट्ट बांधलेले केस, हात खाली सोडलेले, मान ताठ. अक्कानं मधल्या फळीवर जागा केली, कापड सारखं केलं आणि तिला उभं करायला मला सांगितलं. समोरच्या भिंतीवर दाजींचा हार घातलेला फोटो होता.

"दाजींकडं तोंड करून ठेवू?" मी विचारलं.

अक्कानं फोटोकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

"नगं. दाराकडं तोंड कर तिचं," ती म्हणाली. "येणाऱ्याला आधी ती दिसू दे." आणि मग त्या दोन माणसांकडं वळून, मोठ्या आवाजात, "हां, बोला. कुटलं गटार?"