रझाकारांच्या पंगतीत मी वाढलेलं तूप

माझ्या तोंडामुळे अण्णांचं शेत गेलं. स्टेजवर उभं राहून, हातात माइक धरून घालवलं आणि वर टाळ्या घेतल्या.

कुवेतला निघालो त्या सकाळी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्या शेताजवळ जीप थांबवली होती. मी आत पाऊल टाकणार तोच म्हणाले, "आत नको. बालाजी बघायलाय. हितूनच हात जोड." बालाजी माझा चुलतभाऊ, शेत त्याच्या ताब्यात. आमच्याकडं माणसाला स्वतःच्या रानात जाळतात. "मेल्यावर तरी मला हितं आणा," एवढंच अण्णांचं मागणं.

शेत पणजोबांचं. निजामाशी इमान राखून त्यांनी रझाकारांना जेवू घातलं, असा ठपका ठेवून पोलीस ॲक्शननंतर सरकारनं ते जप्त केलं. पुढं परत मिळालं ते त्यांच्या धाकट्या मुलाच्या नावावर, कारण तो निजामाविरुद्ध लढला होता. तो बालाजीचा आजोबा. थोरला माझा आजोबा, त्याला काहीच नाही. अण्णा आयुष्यभर सांगत आले की पणजोबांच्या मानेवर तलवार होती, जप्तीच चुकीची होती, तेव्हा रान दोघा भावांचं. शेवटी भावकी बसली. म्हातारी माणसं अण्णांच्या बाजूनं झुकली. बालाजीही अर्धं रान द्यायला कबूल झाला.

नेमकं तेव्हाच इकडं कुवेतमध्ये, मंगफ भागातल्या एका बेसमेंटमध्ये आम्हा मराठवाड्याच्या मंडळींचा मुक्तिदिनाचा प्रोग्राम होता. मला गमतीदार किस्सा सांगायला उभं केलं. मी पणजोबांची पंगत रंगवली. शेरवानी घातलेले पणजोबा, "घ्या खानसाहेब, अजून घ्या" असा आग्रह, वरणावर तुपाची धार. हॉल लोटपोट. ते तूप माझं, आग्रहही माझाच. अण्णांच्या गोष्टीत वाढताना पणजोबांचे हात थरथरत होते. थरथरत्या हातांना हशा मिळत नाही, म्हणून ते मी गाळले.

मी मीना अब्दुल्ला गावच्या रिफायनरीत कामाला, तिथला माझा सुपरवायझर कुवेती आहे. इराकी फौज घुसली तेव्हा तो शाळकरी होता. त्यांच्या गल्लीत कुणी त्या सैनिकांना चहा दिला, हे त्याच्या घरात आजही कुणी उच्चारत नाही. हे त्यानंच मला एकदा सांगितलं होतं. मी मान डोलावली होती, शहाण्यासारखी.

कुणीतरी व्हिडिओ काढला, तो फिरत फिरत गावात पोचला. भावकीच्या पुढच्या बैठकीत बालाजीनं मोबाईल अण्णांच्या तोंडासमोर धरला. "काका, तुमचंच पोरगं हाय की! आवाज वाढवू का?" म्हातारे आधी हसले, मग एकेक करून धोतर झटकत उठले. बालाजीनं शब्द फिरवला. अण्णा तालुक्याच्या गावी भाड्याच्या खोलीत राहतात. शेताच्या रस्त्यानं जात नाहीत.

इथं घर कंपनीचं, अकामा म्हणजे राहण्याचा परवानाही कंपनीचा, उद्या म्हणाले की गाशा गुंडाळायचा. माझी मुलगी विचारते, "बाबा, व्हेअर आर वी ॲक्चुअली फ्रॉम?" मी त्या शेताचं वर्णन करतो. विहीर, चिंच, काळी माती. त्यात मात्र पदरचं काही घालत नाही. जिथं मला आता कुणी पाय ठेवू देणार नाही, ते माझं घर.

परवा फोनवर धीर करून म्हटलं, "अण्णा, तिकडं एकटे कशाला? इकडंच या कायमचे."

अण्णा म्हणाले, "येतो की. पण तिथं काही शिल्लक हाय का, का तेबी बोलून घालवलंस?"