मामांच्या जंगलातली मुकी वाट

गडमुडशिंगीहून निघताना मी दोनदा दारातून मागे फिरले होते. गगनबावड्याकडची एसटी मी पहिल्यांदाच एकटीने धरली. मामा वारले, वय नव्वदीच्या पुढे. तिथल्या राखीव जंगलाची त्यांनी जन्मभर बिनपगारी राखण केली. आज सगळे त्यांच्या आठवणीसाठी पाणवठ्यापर्यंत चालत जाणार होते.

एसटीच्या खिडकीबाहेर नुसतं धुकं. शेजारच्या बाईने विचारलं, "कुठं निघालायसा?" मी सांगितलं. "बया! कालच गवा दिसलाय की तिकडं. जपून जावा."

मामांच्या घरी पोचल्यावर त्यांच्या सुनेने, शालनवहिनीने, आंबील (नाचणीची ताकातली पेज) दिली. मी वाटी नुसती हातात धरून बसले.

"प्या की वन्सं, चालायचं हाय."

मामांचे जुने जोडीदार लतीफभाई पुढे झाले. त्यांना आता कमी ऐकू येतं, म्हणून ते मोठ्याने बोलतात. "पाणवठ्यापातूर कुणी बोलायचं न्हाय. म्हाताऱ्याला तेवढा मान द्यायचा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मात्र गार पडले. लग्नाआधी मामा मला याच वाटेने न्यायचे. सारखे बोलायचे, खोकायचे, मलाही दटावायचे, "बोल की गं! धुक्यात मुकं चालू नये. माणूस आलेलं कळलं की गवा बाजूला होतो. एकदम अंगावर गेलं की बिथरतो." हे सांगायला हवं होतं. पण एवढ्या माणसांत माझं तोंड उघडेना.

निघालो. पुढच्याची पाठ तेवढी दिसत होती. जळवा पायावर चढत होत्या. वाटेत ताजं शेण दिसलं, अजून वाफाळतं. सगळ्यांनी पाहिलं, बोललं कोणीच नाही. मग पुढच्या कारवीच्या झुडपांतून जोराचा फुत्कार आला. रांग थबकली. लतीफभाईंना तो ऐकूच गेला नाही, ते सरळ तिकडेच चालले.

कोणीतरी हाक मारील म्हणून मी वाट पाहिली. कोणी मारली नाही.

"लतीफभाई!" मी किंचाळले. "थांबा! मामा मुकं चालू देत नव्हते!"

"गप की वन्सं," वहिनी कुजबुजली. मी गप्प बसले नाही. तोंडाला येईल ते ओरडत राहिले, मामांचा खोकला, मामांची विडी, मामांच्या शिव्या.

लतीफभाई वळले. मग गरजले, "व्हय की! मला म्हणायचा, लत्या, तोंड हाय का खोकं?" लोक हसले, मग सगळेच एकदम बोलू लागले. कारवी कडाडली. काळी पाठ आणि पांढरे मोजे घातल्यासारखे पाय दरीकडे उतरून गेले.

पाणवठ्यावर कोणी मौन पाळलं नाही. बोलता बोलताच रडले सगळे.

मला एसटीत बसवताना लतीफभाई म्हणाले, "तुजा मामा लई भित्रा हुता, पोरी. सारखा बडबडायचा तो भ्यानंच. म्हणून तर एवढा जगला."

घाट उतरेपर्यंत मी पुढच्या सीटचा दांडा सोडला नाही. घरी मला सगळे भित्री म्हणतात. मामांनी कधी म्हटलं नाही. ते नुसते माझा हात धरायचे. त्यांचाही हात घामेजलेला असायचा. मला वाटायचं, चालण्याने असेल.