आत्याचा देवाशी अबोला

मंगळवेढ्याच्या पलीकडं माळावर आमचा बिरोबा आहे. तिथं कसं जायचं, असं एका वाचक मुलीनं विचारलंय. सांगते की. पण माझ्या डोक्यात तो रस्ता पंचाहत्तर सालचाच बसलाय, त्यामुळं आधी तोच सांगणार. मी बोलते, नात टाइप करते. चुका तिच्या.

तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. आदल्या वर्षी छातीतली गाठ निघाली, मिरजेच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. जखम भरेना. तीन महिने पू, पट्टी, पुन्हा पू. ती कशीबशी भरली तर काखेत नवी गाठ! डॉक्टर म्हणाले, आता शेक द्यावा लागेल. आमच्याकडं किरणांना शेकच म्हणतात. गुरुवारी त्यांनी छातीवर न् काखेत जांभळ्या शाईनं रेघा मारल्या आणि बजावलं, "पाणी, तेल, हळद, काही लावायचं नाही. रेघा पुसल्या तर सगळं पुन्हा. सोमवारी सकाळी आठला या."

मी मोहोळला घरी आले आणि मनाशी ठरवून टाकलं, सोमवारी जायचं नाही. पुरे झालं. जीव अगदी विटला होता. नवरा मेंढरं घेऊन लांब गेलेला, घरात मी आणि सासू. सासूला आम्ही आत्या म्हणतो. आत्याला हे सांगायची छाती होईना. तीच म्हणाली, "शेकायच्या आदी देवाला जाऊन येऊ. तितनंच मिरज गाठू." मी लगेच हो म्हटलं. म्हटलं, देवाच्या तोंडूनच नको म्हणवून घेऊ, म्हणजे आत्याचंही तोंड बंद.

शनिवारी सकाळच्या एसटीनं निघालो. तिकीट तीन-साडेतीन रुपयांच्या पुढं नसावं. चैत्राचं ऊन, ज्वारी निघून गेलेली, दोन्ही बाजूंना काळी रानं भेगाळून पडलेली. खड्डा आला की काखेत कळ जायची. आत्यानं माझ्या पाठीशी घोंगडी दुमडून ठेवली आणि कंडक्टरला दम भरला, "डायवरला सांग, गाडीत आजारी माणूस हाय. हळू हाण म्हणावं."

"मावशी, एसटी हाय ही, पालखी न्हाय."

"तुजी आई बसली असती तर?"

कंडक्टर पुढच्या बाकड्याकडं सरकला. गाडी काही हळू झाली नाही.

मंगळवेढ्याच्या स्टँडवर चहा घेतला. कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि कांदा फडक्यात बांधून आणलेला, तो तिथंच बाकड्यावर सोडला. मला दोन घास गेले. पुढं दोन कोस बैलगाडी. आत्ता थेट देवळापर्यंत डांबरी रस्ता आहे, जीप मिळते, पण माळावर आजही सावली नाही. पाणी घरून न्या, तिथल्या आडावर विसंबू नका. मुक्काम धर्मशाळेत केला. फरशी गार होती. वर्षभरात पहिल्यांदा मला सलग झोप लागली.

रविवार बिरोबाचा वार. सकाळीच ढोल सुरू झाले, लोक मुठी भरभरून भंडारा उधळायला लागले. भंडारा म्हणजे हळदच. आमच्यात तो अंगावर पडला की माणूस धन्य होतो. आत्यानं काय करावं? भर उन्हात मला डोक्यापासून पायापर्यंत घोंगडीत गुंडाळलं. आत मी घामानं निथळतेय, बाहेर ही हातवारे करून लोकांना हाकलतेय.

"आवो, देवाचा भंडारा चुकवताय व्हय?" पुजारी चिडला.

"चुकवत न्हाय, राकून ठिवलाय. पोरगी बरी झाली की मणभर उदळीन. आज हिच्या अंगावर डाक्टरच्या रेगा हायत."

मला हसूही आलं आणि रडूही. रोज सकाळी देवाला हळद लावल्याशिवाय पाणी न पिणारी बाई ही!

मग कौल लावला. पुजारी देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नको. त्यानं विचारलं, काय मागणं? आत्या तोंड उघडायच्या आत मीच बोलून मोकळी झाले, "सोमवारी शेकायला जाऊ का नको, एवढं देवानं सांगावं."

आत्यानं चमकून माझ्याकडं बघितलं. तिला काहीच विचारायचं नव्हतं, नुसतं पाया पडून निघायचं होतं.

डावी कळी पडली.

पुजारी हळू म्हणाला, "नको म्हणतोय."

खरं सांगू? मला बरं वाटलं. सुटले एकदाची. आता घरी जायचं, सावलीत पडायचं, जे व्हायचं ते होईल. एवढं दमल्यावर मरणाची सुद्धा भीती वाटत नाही हो, नुसतं झोपावंसं वाटतं.

आत्या उठली. पुजाऱ्याशी बोललीच नाही, थेट देवाशी बोलली, आणि तेही शेजारणीशी भांडावं तसं. "तुज्या मेंढरांमागं माजा जलम गेला. कदी तुला काय मागितलं? आज पोरगी दमलीया, वंगाळ बोलली, तर तू तिचीच री वडतोस? बरं. आता माजं आयीक. हिला मी नेणार. आनि ही बरी झाल्याबिगर तुजी पायरी चडनार न्हाय. भंडारा न्हाय, निवद न्हाय, बोलनं न्हाय. बस हितंच."

ढोलवालासुद्धा थांबला. आत्यानं माझा चांगला हात धरला आणि बाहेर ओढलं.

सांगोल्याच्या गाडीत मी म्हटलं, "आत्या, देव कोपंल की."

"कोपू दे. मी बी कोपलेया." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुला जायचंच नव्हतं, व्हय ना?"

"व्हय."

"मला सांगायचं की मग. देवाला कशाला मदी घातलंस?"

तिनं पदरानं माझं तोंड पुसलं आणि सांगोला येईपर्यंत खांद्यावर झोपू दिलं.

सोमवारी आठला मिरजेत नर्सनं रेघा तपासल्या. एकही पुसली नव्हती. पाच आठवडे शेक घेतला. कातडी काळी पडली, सोलून निघाली, घास गिळवेना, पुढं हात सुजला तो कायमचाच. दरवेळी वाटायचं, आता बस. दरवेळी आत्या म्हणायची, "ऊठ. मी देवाशी भांडलेया तुज्यासाटी, मला तोंडघशी पाडू नगंस." माझी श्रद्धा केव्हाच आटली होती. मी आत्याच्याच जोरावर चालत होते.

तिनं शब्द पाळला. घरातल्या देव्हाऱ्यापुढंही तोंडातून अवाक्षर नाही. पण रविवारचा उपास धरायची आणि दिवाही लावायची. नवऱ्याशी अबोला धरलेली बाई त्याच्या ताटात वाढायचं चुकत नाही ना, तसंच. वर्षाच्या जत्रेला सगळी भावकी जायची, ही दारात बसून राहायची. जाणाऱ्यांच्या गाड्या दिसेनाशा होईपर्यंत बघायची.

दर सहा महिन्यांनी मी मिरजेहून आले की उंबऱ्यातच विचारायची, "झालीस का बरी?"

"डॉक्टर म्हणाले, सध्या काही नाही. पण पाच वर्षं गेल्याशिवाय बरी म्हणायचं नाही."

"बरं," म्हणायची, आणि पाणी आणायला आत जायची.

चौथ्या वर्षी तिला ताप भरला. तीन दिवसांत सगळं आटोपलं. शेवटच्या दुपारी शुद्धीवर होती तेव्हा पुन्हा तेच विचारलं. आणि मी शहाणी, डॉक्टरांचं वाक्य म्हणून दाखवलं. अजून एक वर्ष आहे, आत्या. ती "बरं" म्हणाली.

पुढच्या वर्षी मी बिरोबाला जाऊन तिच्या नावानं भंडारा उधळला. आज माझं वय ऐंशीच्या घरात आहे. तुम्ही जरूर जा त्या माळावर, चैत्र टाळा, टोपी न्या. देवावर माझा राग नाही. त्याचा कौल मी पुन्हा कधी घेतला नाही, एवढंच.

राग आहे तो माझ्यावर. "आत्या, मी बरी झाले," एवढं बोलायचं होतं. बैलगाडी जोडून, आडवी घालून का होईना, तिला माळावर नेली असती. भांडण मिटवून गेली असती बिचारी. पण ते मलाच खरं वाटत नव्हतं, म्हणून मी बोलले नाही. खरं तर बरी मी तेव्हाच झालेली होते.