चौदाव्या होलचे सहा

काचेला नुसतं बोट लागलं तरी फोनला कळतं म्हणे. मावशींच्या बोटाचं मात्र त्या काचेला काही केल्या कळत नव्हतं. सव्वीस वर्षं गोल्फच्या काठ्यांच्या बॅगा वाहून बोटांना असे घट्टे पडले होते की सुई टोचली तरी पत्ता लागू नये. लेक रोज संध्याकाळी सांगायची, "आई, दाबू नकोस गं, नुसतं टेकव." मावशी नुसतं टेकवायच्या, काही व्हायचं नाही. मग चिडून दाबायच्या, तर फोन एकदम दोन पानं पुढे! "मेल्याला राग फार," मावशी म्हणायच्या आणि लेक हसत सुटायची. मावशींना कुठलं हसू येतंय? गोल्फ क्लबची मोठी स्पर्धा आठ दिवसांवर आली होती, आणि तिथे फटके असल्याच फोनवर भरायचे होते.

मावशी कॅडी होत्या. म्हणजे खेळणाऱ्याने काठी फिरवायची आणि बाकीचं सगळं यांनी करायचं. बॅगेची गाडी ढकलायची, चेंडू कुठे पडला ते बघून ठेवायचं, कुठली काठी घ्यावी ते सांगायचं, सल्ला चुकला की बोलणी खायची, आणि मुख्य म्हणजे फटके मोजायचे. अठरा होल, प्रत्येक होलमध्ये चेंडू किती फटक्यांत गेला त्याची बेरीज, ज्याची कमी तो जिंकला. ऐकायला सोपं आहे हो! पण झुडपात शिरलेला माणूस दहा मिनिटांनी कपडे झटकत बाहेर येतो आणि "दोनच मारले" म्हणतो, तेव्हा कळतं मोजणं कशाला म्हणतात ते. भल्याभल्यांची गणितं झुडपात कच्ची होतात.

म्हणून या क्लबात एक जुनी रीत होती. होल संपला की पुढच्या होलकडे चालता चालता कॅडीने आकडा मोठ्याने म्हणायचा आणि खेळणाऱ्याने तोच परत म्हणायचा. "पाच." "पाच." एवढंच. मग तो कागदावर चढायचा. कोणी कुरकुर केलीच, तर मावशी गाडी जागच्या जागी उभी करायच्या आणि फटक्यांची यादी सुरू करायच्या, पहिला डावीकडच्या बाकाजवळ, दुसरा पाण्याच्या अलीकडे, तिसरा... समोरचा यादी संपायच्या आतच निमूटपणे आकडा परत म्हणायचा. एकदा दोघे मोठे अधिकारी अगदी हमरीतुमरीवर आले होते, तेव्हासुद्धा शेवटी "मावशींना विचारा" यावरच मिटलं होतं.

मग नवे सेक्रेटरी आले. वय पस्तीस, बूट पांढरेशुभ्र, आणि दर वाक्यात एकदा तरी "सिस्टीम". त्यांनी फोनवरचं ॲप आणलं. आता दोन खेळाडूंच्या जोडीला मिळून एकच कॅडी, एकच फोन. कागद बंद, ओरडणं बंद. "मावशी, बाजारात भाजी विकल्यासारखे आकडे कशाला ओरडायचे? बटण दाबायचं, आकडा थेट व्हरांड्यातल्या पडद्यावर." सगळे कॅडी माना डोलवत होते. मग सेक्रेटरी अगदी गोड आवाजात म्हणाले, "ज्यांना जमणार नाही त्यांनी घाबरायचं कारण नाही. त्यांना रेंजवर काम आहेच."

रेंज म्हणजे सरावाचं मैदान. तिथे दिवसभर लोक चेंडू मारणार आणि तुम्ही टोपली घेऊन वाकून वाकून ते वेचणार. मावशींच्या उजव्या गुडघ्यात पाणी झालं होतं. दवाखान्यात स्पष्ट सांगितलं होतं, चाला हवं तेवढं, पण वाकायचं नाही. म्हणजे रेंज याचा अर्थ महिन्याभरात घरी. आणि घरी बसून मावशी काय मोजणार होत्या, भिंतीवरच्या पाली?

त्या दिवसापासून स्वयंपाकघरात शाळा भरली. लेक ओट्यावर डब्यांची झाकणं मांडायची, अठरा झाकणं, अठरा होल. "झाकण नंबर सात, पहिला पाच, दुसरा चार. लिही." त्या ॲपची एक खोड होती. प्रत्येक होलला साधारण किती फटके लागावेत हे ठरलेलं असतं, तीन, चार किंवा पाच, आणि ॲप तो आकडा आधीच मांडून ठेवायचं. जास्त लागले तर तितक्या वेळा अधिकचं चिन्ह दाबायचं, मग "पुढे". दाबायचं राहिलं, तर ठरलेलाच आकडा कायम. लेकीने हे दहादा बजावलं. मावशींनी दहादा मान हलवली आणि अकराव्यांदा विसरल्या. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत, भूक नाही म्हणाल्या.

स्पर्धेच्या दिवशी वाटणीला आले वकील आणि दाताचे डॉक्टर. वकील म्हणजे हरला तर आठवडाभर कोणाशी न बोलणारा माणूस. डॉक्टर मात्र मावशींचे लाडके. अकरा वर्षं त्यांची बॅग मावशींकडे होती. मावशींची दाढ त्यांनीच काढली होती, तेव्हा मावशींनी घाबरून त्यांचं मनगट असं आवळलं होतं की दोन दिवस वळ होता, पण माणसाने हूं की चूं केलं नाही. अकरा वर्षांत चार वेळा दुसरे आले होते ते, पहिले कधीच नाही. त्यांचे वडील, ज्यांनी त्यांना हातात काठी धरायला शिकवलं, ते या वेळी चाकाच्या खुर्चीतून आले होते आणि व्हरांड्यात पडद्यासमोर बसले होते. पुढच्या वर्षी ते असतील की नाही, हे डॉक्टरांनाही माहीत होतं आणि वडिलांनाही.

तेरा होलपर्यंत मावशींनी जीव मुठीत धरून आकडे भरले. दर आकडा भरून झाला की पदराने काच पुसायच्या, डोळे बारीक करून बघायच्या, मग पुढे. डॉक्टर सुरेख खेळत होते. चौदावा होल चार फटक्यांचा. तिथे डॉक्टरांचा पहिलाच चेंडू डावीकडे झुडपात गेला. दुसऱ्याने तो कसाबसा बाहेर आला, तिसरा वाळूच्या खड्ड्यात. चौथ्याला वाळू उडाली, चेंडू तिथेच. पाचव्याला हिरवळीवर, सहाव्याला आत. वकील तेवढा वेळ पार पलीकडच्या झाडांत स्वतःचा चेंडू शोधत होते, पाचव्या फटक्यात सुटले आणि तरातरा पुढे निघून गेले.

"सहा," मावशी सवयीने म्हणाल्या, पण हळूच.

"सहा," डॉक्टरही हळूच म्हणाले.

मावशींनी फोन काढला. ऊन थेट काचेवर. तळहाताला घाम. वकिलांचा पाच नीट बसला. डॉक्टरांच्या चौकटीत चार. अधिकचं चिन्ह एकदा, दोनदा टेकवलं, आकडा हलला की नाही ते बघणार, आणि नेमके तेव्हाच सेक्रेटरी त्यांच्या बॅटरीच्या गाडीतून सूं करत शेजारी येऊन थांबले. "काय मावशी, जमतंय ना?" मावशींचं धाबं दणाणलं. "जमतंय की!" म्हणत त्यांनी काच न बघताच "पुढे" दाबलं. "वा!" सेक्रेटरी म्हणाले, आणि गेले.

अठरा होल संपले. रीतीप्रमाणे दोघा खेळाडूंनी फोनवर स्वतःचे आणि एकमेकांचे आकडे तपासून "मान्य" दाबायचं होतं. वकिलांनी तोंड वाकडं करून, न बघताच दाबलं. डॉक्टरांनी बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मग दाबलं. मावशींना वाटलं, डोळ्यांत घाम गेला असेल.

व्हरांड्यातल्या पडद्यावर आकडे झळकले. डॉक्टर अठ्ठ्याहत्तर. वकील एकोणऐंशी. डॉक्टरांच्या वडिलांनी थरथरत्या हातांनी टाळ्या वाजवल्या. मावशींनीही हात उचलले, आणि ते हवेतच राहिले. अठ्ठ्याहत्तर कसे? त्यांच्या हिशेबाने ऐंशी होते. मावशी गाड्यांच्या शेडमागे गेल्या आणि पहिल्यापासून सगळे फटके म्हणत आल्या, झाड, बाक, पाणी, वाळू. ऐंशी. परत म्हटले. ऐंशीच. पडद्यासमोर येऊन चष्मा लावला आणि एकेक होल बघत गेल्या. चौदाव्यावर चार होते.

या खेळात जास्त लिहिलं तर जास्त धरतात, पण कमी लिहून "मान्य" केलं की खेळाडू बाद, दुसरी बात नाही. "मान्य" दाबायच्या आधी लक्षात आलं असतं तर दोन बोटांचं काम होतं. आता डॉक्टर बाद, आणि मावशी रेंजवर.

डॉक्टर मागच्या नळावर हात धूत होते. "डॉक्टर," मावशी म्हणाल्या, "चौदाव्यावर चार पडलेत. माझ्या हातून राहिलं. सहा होते."

डॉक्टर हात धूतच राहिले. हात केव्हाचे स्वच्छ झाले होते.

"तुम्ही बघितलंत," मावशी म्हणाल्या. त्यांना स्वतःलाच ते तेव्हा उमगलं.

"मावशी, वकिलांना माहीत नाही. कोणालाच माहीत नाही." त्यांनी नळ बंद केला, पण वर बघितलं नाही. "बोललात तर तुमचंही काम जाईल. बाबा तिथे बसलेत हो. आजच्या दिवस राहू दे ना."

बक्षिसाला अर्धा तास होता. अळीमिळी गुपचिळी, दोघांचंही भलं. मावशी शेडच्या कट्ट्यावर बसल्या आणि स्वतःची समजूत घालायला लागल्या. वकिलाच्या घरी काय चषकांना तोटा आहे? आणि गुडघा? लेकीला काय सांगायचं, अठरा झाकणं मांडून शिकवलंस ते सगळं मातीत गेलं म्हणून? काय बिघडतं दोन फटक्यांनी? कोणी मरत नाही दोन फटक्यांनी. एवढं सगळं पटत होतं, पण बोटं आपोआप चौदावा होल परत मोजत होती. कारण पडद्यावर तो चार दिसत होता, आणि तो ॲपचा नव्हता, डॉक्टरांचाही नव्हता. तो मावशींनी लिहिलेला होता. सव्वीस वर्षांत त्यांनी खोटा आकडा एकदाही लिहिला नव्हता, आणि आज तो चांगला हातभर मोठा होऊन शंभर माणसांसमोर लखलखत होता. मावशी उठल्या. इतकी भीती त्यांना नवरा गेला त्या दिवशीही वाटली नव्हती.

सेक्रेटरींची खोली काचेची होती. आत ते चषकाला फडकं मारत होते. मावशींनी दारातूनच सांगून टाकलं, एका दमात, नाहीतर बोलताच आलं नसतं.

सेक्रेटरींचा चेहरा उतरला. "वकिलांनी काही सांगितलंय का तुम्हाला?"

"मला?" मावशी भडकल्या. "मला कोण काय सांगणार? मी मोजलेत!"

"सिस्टीम चार म्हणतेय. दोघांनी मान्य केलंय. तुम्ही एकट्या सहा म्हणता. मावशी, वय होतं, उन्हात माणसाचं..."

"बोलवा त्यांना."

डॉक्टर आले. मागून वडिलांची खुर्ची ढकलत कोणीतरी आलं, अभिनंदनालाच आलोय अशा समजुतीने. सेक्रेटरी हसून म्हणाले, "डॉक्टर, जरा गैरसमज झालाय. चौदाव्यावर तुमचे चारच ना?"

डॉक्टरांनी आधी मावशींकडे बघितलं. मग वडिलांकडे. वडिलांचं तोंड अजून हसरंच होतं.

मावशींनी यादी सुरू केली नाही. जिभेवर आली होती सगळी, झुडूप, वाळू, पुन्हा वाळू. पण बापासमोर पोराला असं सोलायचं त्यांच्याने होईना. त्या नुसत्या उभ्या राहिल्या आणि मनात म्हणत राहिल्या, बोल रे बाबा, तुझं तूच बोल.

"सहा होते," डॉक्टर म्हणाले. "मी बघितलं होतं. तरी मान्य केलं."

खुर्ची ढकलणारा ती मागे वळवायला लागला, तर वडिलांनी हात वर करून त्याला थांबवलं. मुलाचं मनगट त्यांनी धरलं आणि सोडलं नाही, आणि डॉक्टर तसेच वाकून उभे राहिले, लहान मुलासारखे रडत. मावशींच्याही डोळ्यांना धार लागली. त्यांनी ती पुसली नाही.

दोघे गेल्यावर सेक्रेटरींनी दार लावून घेतलं. त्यांनाही बरं वाटत नव्हतं, पण नियम त्यांनीच केला होता आणि सगळ्या कॅडींसमोर केला होता. "मावशी, ॲप तुमच्याकडून चुकलं. उद्यापासून रेंज. माझा नाइलाज आहे."

"माहीत आहे मला." मावशी खुर्चीवर न बसता उभ्याच होत्या. "आता तेवढं चौदाव्यावर सहा लिहा."

"आता त्याचा काय उपयोग? ते बाद झाले. त्यांची सगळी ओळच निघणार आहे."

"निघेल तेव्हा निघेल. आत्ता ते चार दिसतंय. सहा लिहा."

सेक्रेटरींनी त्यांच्याकडे बघितलं, उसासा टाकला आणि फोन उघडला. अधिकचं चिन्ह एकदा दाबलं, पुन्हा एकदा दाबलं. मावशींनी चष्मा नाकावर चढवला, टेबलावर ओणवं होऊन नीट बघितलं, आणि मगच दार उघडून बाहेर पडल्या.