बोट लागलेली क्लिप

आमच्या ऑपरेशन थिएटरातल्या कन्नड तालुक्यातल्या सिस्टर कुणावर कधी ओरडल्या नाहीत, तरी सगळे त्यांना टरकून असत. शिकाऊ डॉक्टर म्हणून मी तर जरा जास्तच. मेंदूतली रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगली, की त्या फुग्याच्या मुळाशी टायटॅनियमची क्लिप लावतात, जेमतेम नखाएवढी. त्या क्लिपांचा ट्रे सिस्टरांच्या ताब्यात असायचा.

क्लिप उघडायची ती तिच्या खास चिमट्यानंच. बोटांनी दाबली तर स्प्रिंग ढिली पडते, मग क्लिप फुग्यावरून निसटू शकते; दिसायला मात्र ती तशीच दिसते. म्हणून रोज भूल देण्याआधी सिस्टर मान वर न करता विचारायच्या, "बोट लागलं का कुणाचं? लागलं असलं तर सांगा, मी काय खात नाय तुमाला." सगळे "नाही" म्हणायचे. मला हसू यायचं.

एकदा ट्रे धुवायला काढला होता आणि सिस्टर चहाला गेल्या होत्या. मी वाकड्या पात्याची एक क्लिप उचलली, बोटांनी दोनदा दाबून पाहिली आणि गुपचूप ठेवून दिली. कसली अवदसा आठवली होती कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी टेबलावर फुलंब्रीच्या शाळेतल्या एक बाई होत्या, माझ्या आईच्या वयाच्या. सिस्टरांनी विचारलं आणि सगळ्यांबरोबर मीही "नाही" म्हणाले.

ऑपरेशन करणाऱ्या सरांनी मुख्य वाहिनी तात्पुरती बंद केली. मेंदूच्या तेवढ्या भागाचं रक्त थांबलं, म्हणून सिस्टर मिनिटं मोजू लागल्या. "एक झालं. दोन झाली." सरांनी वाकडी क्लिप मागितली. सिस्टरांनी नेमकी तीच चिमट्यात धरली.

"सिस्टर, ती नको. माझं बोट लागलंय."

कुणी मागं वळून पाहिलं नाही. सिस्टरांनी ती बाजूला टाकली, दुसरी चढवली आणि सरांच्या हातात दिली. "तीन झाली, सर." आवाज होता तसाच.

बाई आठवड्यानं चालत घरी गेल्या. ऑपरेशनच्या दिवशी मात्र मी कपडे बदलायच्या खोलीत रडत बसले होते. सिस्टर चहा घेऊन आल्या.

"सकाळी का नाय बोललात?"

"भ्याले, सिस्टर."

"मी बी रोज भेते. लई भेते. म्हणून तर विचारते."

सिस्टर आता निवृत्त होऊन गारखेड्याला असतात. ऑपरेशन मी करते आणि सकाळी तोच प्रश्न मी विचारते. मास्कवरचे सगळ्यांचे डोळे निरखून पाहते. सगळे पटकन "नाही" म्हणतात. मीही तेव्हा असंच पटकन म्हणाले होते. म्हणून मी पुन्हा एकदा विचारते.