थेंबेकाका आणि बर्फवाले व्याही

चौकातल्या चष्म्याच्या दुकानाचे मालक थेंबेकाका हे काही जन्माने थेंबे नव्हेत. हे नाव त्यांना मेहुण्याने दिलं, आणि तेही चिडून दिलं. काका व्हिस्कीत पाणी ओतत नसत. डोळ्यांत औषध घालायचा काचेचा कोरा ड्रॉपर त्यांनी दुकानातून घरी आणला होता. त्यातून मोजून पाच थेंब सोडत. आधी नुसता वास, मग एक घोट, मग परत वास. रविवारी संध्याकाळी एक पेला, दुसरा नाही. व्यसन म्हणावं तर इतकं किरकोळ, की बायकोला भांडायलाही पुरत नसे.

भांडणं व्हायची ती दुसऱ्यांच्या पेल्यावरून. दुकानात काका दिवसभर गिऱ्हाइकापुढे भिंगं बदलत विचारायचे, "आता बरं दिसतं, की मघाशी दिसत होतं?" आणि ते म्हणेल ते मान्य करायचे. घरी मात्र दुसऱ्याला काय बरं लागतं हा प्रश्नच नव्हता. कुणी सोडा घातला की म्हणत, "गुळण्या करायच्यात का?" कोला घातला की त्याच्याकडे पाठ करून बसत. बर्फाबद्दल तर विचारायलाच नको. बर्फाने जीभ बधिर होते आणि बधिर जिभेला व्हिस्की पाजणं म्हणजे झोपलेल्या माणसाला चष्मा लावणं, असं त्यांचं ठाम मत होतं. मेहुण्याला ते चारचौघांत ऐकावं लागलं. तेव्हापासून तो बहिणीकडे फक्त चहाच्या वेळी येतो.

अशा माणसाच्या लेकीने लग्न ठरवलं, ते बर्फाच्या कारखानदाराच्या मुलाशी.

मुलाबद्दल तक्रार नव्हती, धास्ती बापाची होती. बर्फवाले तसे मनाचे मोकळे. पण बर्फाला कुणी नावं ठेवलेली त्यांना खपत नसत. सख्ख्या भावाने घरात बर्फ करायचं यंत्र आणलं, म्हणून त्यांनी भावाशी बोलणं टाकलं होतं. आता रविवारी संध्याकाळी ते बायकोला घेऊन लग्नाचं पक्कं करायला येणार होते.

"बाबा, शब्द द्या," लेक म्हणाली. "कुणाच्या ग्लासात काहीही पडलं तरी तुम्ही बोलणार नाही."

"काहीही म्हणजे?"

"उंदीर पडला तरी."

"उंदराचं चालेल गं," काका म्हणाले.

"बाबा! हे लग्न मोडलं ना, तर मी जन्मभर इथेच राहीन. आणि दर रविवारी तुमच्यासमोर बसून कोला घालून पिईन."

काकांनी शब्द दिला.

बर्फवाले आले ते थर्माकोलचा डबा तान्ह्या बाळासारखा छातीशी धरून. आत बर्फाची लादी होती. त्यांनी स्वतः छिन्नीने तिचे लिंबाएवढे दोन तुकडे काढले, एक आपल्या पेल्यात टाकला आणि दुसरा, न विचारता, काकांच्या. "खास घरच्यासाठी काढतो. विकत नाही."

काकूंनी डोळे मिटले. काकांनी पेला दिव्यासमोर धरला, फिरवला आणि चमच्याने बर्फाचा तुकडा अलगद उचलून बशीत ठेवला. मग खिशातलं भिंग काढून त्यावर वाकले.

"बुडबुडा नाही," ते हळूच म्हणाले. "कडेलाही धुरकट नाही. याच्या आरपार वर्तमानपत्र वाचता येईल."

बर्फवाल्यांची छाती फुगली. "इतक्या वर्षांत कुणी असं पाहिलं नाही हो! टाकतात आणि पितात."

"तेच म्हणतो मी. अशी वस्तू दारूत विरघळवायची? माझ्याच्याने नाही होणार. मी आपला समोर ठेवून पितो."

नवऱ्याला इतकं सफाईने निसटता येतं, हे काकूंना नवीनच कळत होतं.

पण बर्फवाल्यांचा चेहरा पडला. ते आपल्या पेल्याकडे बघत राहिले. त्यांनी अजून ओठही लावला नव्हता. लेकीला वाटलं, कळलं यांना, संपलं सगळं.

"अहो, सांगून टाका की," बर्फवाल्यांची बायको म्हणाली. "आता घरचेच आहेत."

"माझे दात," बर्फवाले पुटपुटले. "थंड लागलं की थेट डोक्यात कळ जाते. पण बर्फवाल्यानेच बर्फ घेतला नाही तर धंद्याची काय शोभा? पेला धरून बसतो, आणि निघताना कुंडीत ओततो."

काकांना या माणसाबद्दल एकदम माया वाटली. "मग घरी कशी घेता?"

"गरम पाण्यातून. चांगलं वाफाळतं. वर दोन चमचे साखर."

काकांच्या घशातून एक आवाज निघाला. लेकीने तो ठसका समजून त्यांच्या पाठीवर थोपटलं, जरा जास्तच जोरात. काका उठले, स्वयंपाकघरात गेले आणि बरीच भांडी आपटून पाणी तापवून आणलं.

"व्याही, तुम्हीही एक घोट बघा ना," बर्फवाले आता खुलले होते.

लेक बघत होती. काकांनी घोट घेतला.

"कसं लागलं?"

"नवा चष्मा लावला की जमीन वर आल्यासारखी वाटते," काका विचार करून म्हणाले. "तसं वाटतंय." बर्फवाल्यांनी ती तारीफ समजली.

लग्न झालं. संध्याकाळच्या पार्टीत हॉलच्या मधोमध बर्फाचं पुरुषभर उंच कारंजं उभं होतं आणि बर्फवाले हातातल्या पेल्यातला बर्फ खळखळवत पाहुण्यांत मिरवत होते. अधूनमधून ते एका खांबामागे गडप व्हायचे. खांबापुढे थेंबेकाका कोटाची दोन्ही टोकं पसरून उभे.

"तुमचे व्याही दिसत नाहीत कुठे?" मुलाच्या मामांनी येऊन विचारलं.

"फोन आलाय त्यांना. कारखान्यातून."

"काय लोक आहेत! आजच्या दिवशीसुद्धा?"

"बर्फाचा धंदा," काका म्हणाले. "थांबतो थोडाच?"

मामा वळले. खांबामागून दबका आवाज आला, "व्याही, साखर राहिली."

काकांनी मागे न बघता कोटाच्या खिशातून दोन पुड्या काढल्या आणि पाठीमागे हात केला.