न झाडलेली गोळी

लेव्हिन स्टर्जिसने आमचा कालवांचा पट्टा चोरांना विकला, अशी गावात कुजबुज होती. कुणी म्हणे त्याला नवं शीड मिळालं, कुणी म्हणे व्हिस्कीचं पिंप. शीड कुणी पाहिलं नाही. पिंप असतं तर त्याचा वास सगळ्यात आधी मला आला असता.

आम्ही चेसापीकच्या खाडीतली, उथळ पाण्यातली माणसं. होडीत उभं राहून लांब दांड्यांच्या चिमट्यांनी कालवं काढायची, बारकी पुन्हा पाण्यात सोडायची. खोल पाण्यातले खरवडे, म्हणजे तळ खरवडून नेणारे चोर, मात्र धुकं पाहून यायचे. शिडाच्या बोटीमागे लोखंडी जाळं फरफटवलं की तळ साफ. म्हणून आम्ही पाळीपाळीने टेकाडावर बंदूक घेऊन बसायचो. दिसायचं काहीच नाही. जाळं ओढणारा रहाट कुरकुरला की आवाजाच्या रोखाने बार टाकायचा. माणसं दोन्हीकडची मेली. आमच्यातल्या नोहाचा भाऊ त्यातलाच.

त्या सकाळी पाळी लेव्हिनची होती. बंदूक वाजलीच नाही. धुकं उठलं तेव्हा पाणी गढूळ आणि पट्टा उजाड. तो हिवाळा गावाने मक्याच्या पिठावर काढला.

दुकानाच्या ओट्यावर नोहाने त्याला गाठलं.

"काय कॅप्टन, कानात कालवं उगवली होती का?"

"धुकं होतं, नोहा."

"धुकं डोळ्यांना असतं. रहाट माझ्या बायकोला घरात ऐकू आला."

लेव्हिन तंबाखू खिशात घालून चालू लागला. त्यानंतर त्याला पाळी मिळाली नाही, आणि चर्चमध्ये त्याच्या बाकावर दुसरं कुणी बसलं नाही. मरेपर्यंत.

त्याला पुरलं त्या दिवशी त्याची मुलगी हेस्टर पलीकडच्या किनाऱ्यावरून आली होती. तिचा नवरा एल्बर्ट आधीच वारलेला. बापाच्या स्वयंपाकघरात कालवं फोडता फोडता, मी न विचारताच, ती म्हणाली, "बाबांचा जुना रहाट आठवतो? एक दात तुटलेला, फिरताना ठेचकाळायचा. लग्नात त्यांनी तो आम्हाला दिला, होडी किनाऱ्यावर ओढायला. एल्बर्टने तो खरवड्यांच्या बोटीवर चढवला आणि स्वतःही त्यांच्यात गेला. बाबांना मी कळवलं नव्हतं."

 त्याच्या बाकावर मीसुद्धा कधी बसलो नव्हतो.

त्या सकाळी लेव्हिनने रहाट ऐकला होता, आणि त्याचं ठेचकाळणं ओळखलं होतं. तो त्याचाच होता, आणि बोटीवर त्याचा जावई होता.